मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी: कधी सुरू करायची आणि किती वर्षांनी परत करायची

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी कधी सुरू करायची असं चार जणांना विचारा. एक म्हणेल ४५ला, दुसरा म्हणेल ५०ला, तिसरा म्हणेल मला तर डॉक्टरांनी ४०लाच सांगितलीये, आणि चौथा म्हणेल मला काही त्रासच नाहीये तर कशाला उगाच. पहिले तिघंही बरोबर असू शकतात, चौथ्याचं मात्र चुकतंय, कारण ही तपासणी मुळात त्रास नसणाऱ्यांसाठीच आहे. "किती वर्षांनी" याचंही तसंच, कोणाला दरवर्षी, कोणाला ३ वर्षांनी, कोणाला थेट १० वर्षांनी या म्हणून सांगतात. ऐकताना वाटतं की हे आकडे अंदाजपंचे काढलेत. तसं नाहीये. यातले बहुतेक आकडे दोन गोष्टींवरून निघतात: आतड्यातली गाठ किती हळू वाढते, आणि आपण करतोय त्या टेस्टच्या हातून किती गाठी सुटतात. हे डोक्यात बसलं की आकडे पाठ करायची फारशी गरज पडत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट बाजूला काढू. ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी हे वयाचं आणि वर्षांचं गणित नाहीच. संडासवाटे रक्त जातंय, शौचाची नेहमीची सवय काही आठवड्यांपासून बदललीये, पोट साफ झालंच नाही असं सारखं वाटतंय, काही न करता वजन उतरतंय, किंवा रक्त तपासलं तर लोह कमी आलंय आणि का ते कळत नाहीये, यातलं काहीही असेल तर वय २८ असो की ६८, सरळ डॉक्टरांकडे जायचं. तेव्हा जी तपासणी होते ती स्क्रीनिंग नसते, ती रोगाचा शोध असतो. "दोन वर्षांपूर्वीच टेस्ट केली होती, नॉर्मल होती" हेही तेव्हा धरायचं नाही. आणि रक्त दिसलं की ते मूळव्याधीचंच असणार हे आपलं आपण ठरवायचं नाही, बऱ्याचदा असतंही मूळव्याधीचंच, पण मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात आणि मग मूळव्याधीच्या नावावर महिनेच्या महिने जातात. तरुण लोकांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण त्या वयात कॅन्सर कोणाच्या मनातच येत नाही.

आता मूळ मुद्दा. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं, त्याच्या आतल्या अस्तरावर वय वाढतं तसे काही जणांना मांसल उंचवटे येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. काहींना देठ असतो, काही चपटे असतात आणि ते चपटे पटकन दिसत नाहीत. सगळे पॉलिप वाईट नसतात. ज्यांच्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो ते मुख्यतः अॅडिनोमा नावाचे, आणि काही सेरेटेड नावाचे. त्यातलेही बहुतेक कधीच कॅन्सरपर्यंत पोचत नाहीत, पण जे पोचतात त्यांना साधारण १० वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. हे फार महत्त्वाचं आहे. कारण एवढा वेळ हातात असल्यामुळे या आजारात नुसता "लवकर पकडला" एवढाच फायदा नाही, तर कॅन्सर व्हायच्या आधीच तो पॉलिप काढून टाकता येतो आणि पुढचं सगळंच टळतं. पोट न फाडता, आत घातलेल्या नळीतूनच तारेच्या फासाने पॉलिप काढायचं काम न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघांनी करून दाखवलं, तोपर्यंत पॉलिप काढायचा म्हणजे बऱ्याचदा मोठं ऑपरेशन असायचं.

मग वय. पूर्वी सगळीकडे ५० हा आकडा ऐकू यायचा. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये तो ४५ वर आणला, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा टास्क फोर्सनेही ४५ मान्य केला. कारण असं की वयस्कर लोकांमध्ये तिथे हा कॅन्सर कमी होत होता पण पन्नाशीच्या आतल्यांमध्ये वाढत होता. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात कोलन (म्हणजे गुदाशय सोडून बाकीचं मोठं आतडं) कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे. ब्लॅक पँथर सिनेमात हिरो झालेला चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच कॅन्सरने गेला, वय ४३, आणि निदान झालं होतं २०१६ मध्ये, म्हणजे ४५ च्या नियमातही तो बसला नसता. म्हणून वर त्रासांबद्दल आधी लिहिलं.

पण ४५ हा जगभरचा नियम नाही. जपानमध्ये ४० पासून दरवर्षी संडासच्या नमुन्यात रक्त शोधायची टेस्ट आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी टेस्टचं किट घरी पाठवतात. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ ला किट पोस्टाने येतं आणि जुलै २०२४ पासून ४५ ते ४९ वाल्यांना ते मागवता येतं. एकाच आजाराला एवढे वेगवेगळे आकडे का, तर त्या त्या देशात आजार किती आहे आणि पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांच्या कोलोनोस्कोप्या (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघायचं) करायला डॉक्टर आणि मशिनं किती आहेत, हे दोन्ही बघून ते ठरतात. म्हणजे हे फक्त शरीरशास्त्र नाही, त्यात हिशोबही आहे. स्वतःपुरतं सांगायचं तर घरात कोणाला हा आजार नाही, स्वतःला काही त्रास नाही, अशा माणसाने ४५ ला डॉक्टरांशी विषय काढावा आणि ५० च्या पुढे तर टाळूच नये असं माझं मत.

थांबायचं कधी हेही लोक विचारत नाहीत, विचारायला हवं. ७५ पर्यंत नियमित, ७६ ते ८५ मध्ये तब्येत बघून, आधी कधी तपासणी झाली होती का ते बघून डॉक्टरांबरोबर ठरवायचं, आणि ८५ नंतर सहसा नको. यात वयस्कर माणसाला वाऱ्यावर सोडायचं असं काही नाही. आज काढलेल्या पॉलिपचा फायदा साधारण १० वर्षांनी दिसतो, पण तपासणीचा त्रास आणि धोका आजच होतो, आणि तो वयाबरोबर वाढत जातो. ७८ वर्षांचा धडधाकट माणूस ज्याने आयुष्यात एकदाही तपासणी केली नाही त्याला एकदा करून फायदा होऊ शकतो, पण ज्याच्या दोन कोलोनोस्कोप्या स्वच्छ आल्यात आणि आता हृदयाचा मोठा आजार आहे त्याला तिसरी करून काय मिळणार.

आता टेस्ट. इथे "किती वर्षांनी" चं उत्तर दडलंय. चाळणीची भोकं मोठी असली की परत परत चाळावं लागतं, बारीक असली की एकदा चाळून बराच वेळ निभतं, तसंच हे.

सगळ्यात सोपी म्हणजे फिट टेस्ट. घरीच संडासचा थोडासा नमुना काडीने घेऊन बाटलीत घालायचा आणि लॅबला द्यायचा, लॅबवाले अँटीबॉडी वापरून त्यात माणसाचं हिमोग्लोबिन आहे का बघतात, म्हणजे डोळ्याला न दिसणारं रक्त. जुनी ग्वायक टेस्ट होती ती खाल्लेल्या मांसातल्या रक्तानेही पॉझिटिव्ह यायची त्यामुळे खाण्याची पथ्यं असायची, फिटला ती भानगड नाही. पण अडचण अशी की पॉलिप काय किंवा छोटा कॅन्सर काय, रोज रक्त सोडत नाही, आज सोडेल उद्या नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एका वेळच्या फिटने साधारण ७४ टक्के कॅन्सर पकडले, म्हणजे चारातला एक सुटला, आणि धोकादायक पॉलिप तर चारातला जेमतेम एक पकडला. म्हणून ती एकदा करून काही कळत नाही. ती दरवर्षी करायची असते, काही देशात दोन वर्षांनी, आणि किती रक्त सापडलं की पॉझिटिव्ह म्हणायचं हेही प्रत्येक देश आपापलं ठरवतो. पॉलिप हळू वाढतो ना, मग यावर्षी सुटला तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी पकडला जाईल, यावर ही टेस्ट उभी आहे. २०२० ला केली, नॉर्मल आली, मग एकदम २०२५ ला आठवली, याला फिट केली म्हणता येत नाही.

किती वर्षांनी याने खरंच फरक पडतो का? पडतो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात जुनी ग्वायक टेस्ट वापरली होती, तीही काही फार भारी टेस्ट नव्हे, तरी दरवर्षी करणाऱ्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले, आणि दोन वर्षांनी करणाऱ्या गटात २१ टक्क्यांनी. टेस्ट तीच, फक्त अंतर वेगळं.

फिट पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी एकच, कोलोनोस्कोपी. इथे बरेच लोक म्हणतात परत एकदा फिट करून बघू, नॉर्मल आली तर सोडून देऊ. हे अजिबात नको. वर सांगितलं तसं रक्त येतं जातं, दुसऱ्या वेळी नाही आलं म्हणून पहिल्या वेळचं खोटं ठरत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच, कोणाला पॉलिप निघतो, कोणाला काहीच नाही, पण हे आत बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि "सवडीने करू" पण नको, पॉझिटिव्ह आल्यापासून १० महिन्यांच्या पुढे गेलेल्यांमध्ये कॅन्सर सापडण्याचं, आणि तोही पुढच्या स्टेजचा सापडण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. अजून एक बारीक गोष्ट, पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त पडत असताना नमुना देऊ नका, ते थांबल्यावर द्या. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तेव्हाच घेतलेला एक नमुना हा या टेस्टचा पर्याय नाही.

मधल्या टेस्ट भरभर सांगतो. संडासमधला डीएनए बघणारी टेस्ट आहे ती ३ वर्षांनी, ती कॅन्सर जास्त पकडते, वरच्या २०१४ च्या अभ्यासात ९२ टक्के, पण उगाच पॉझिटिव्हही जास्त येते. सीटी स्कॅनवर आतडं बघतात ते ५ वर्षांनी, त्यातही आतडं आधी साफ करावंच लागतं आणि काही दिसलं तर शेवटी कोलोनोस्कोपी आहेच. सिग्मॉइडोस्कोपी म्हणजे फक्त डावीकडचा खालचा भाग बघतात, ती ५ वर्षांनी. आणि आता रक्ताची टेस्टही आलीये, शील्ड नावाच्या टेस्टला अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ३ वर्षांनी करायची. नुसतं रक्त द्यायचं हे ऐकायला फार छान वाटतं, पण तिच्या अभ्यासात कॅन्सर ८३ टक्के पकडले आणि धोकादायक पॉलिप फक्त १३ टक्के. म्हणजे कॅन्सर होऊच न देण्याचा जो मोठा फायदा आहे तोच तिच्यात सगळ्यात कमी. काहीच न करणाऱ्यापेक्षा बरी, एवढंच म्हणेन.

आणि कोलोनोस्कोपी, १० वर्षांनी. लांब लवचिक नळी, पुढे कॅमेरा, गुदद्वारातून घालून मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीपर्यंत म्हणजे सीकमपर्यंत नेतात आणि मग हळूहळू बाहेर काढताना बघतात, पॉलिप दिसला तर तिथेच काढतात. बहुतेक ठिकाणी झोप येईल असं औषध देतात त्यामुळे फारसं काही जाणवत नाही, पण त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि घरी न्यायला कोणीतरी लागतं. ज्यांनी केलीये त्यांना विचारा, त्यांना टेस्ट आठवत नाही, आदली रात्र आठवते. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं प्यायचं, लाल जांभळं काही नको कारण ते आत रक्तासारखं दिसतं, आणि जुलाबाचं औषध दोन भागात घ्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी काही तास आधी. दुसरा भाग पहाटे उठून घ्यावा लागतो म्हणून लोक तो उरकून टाकतात किंवा अर्धवट पितात आणि मग आतडं साफ नसतं, छोटे चपटे पॉलिप सुटतात, आणि डॉक्टर म्हणतात १० वर्षांनी नाही, पुढच्या वर्षीच परत या. रक्त पातळ करायची गोळी किंवा डायबिटीसचं औषध चालू असेल तर ते आधीच सांगायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही.

धोका किती, तर स्क्रीनिंगसाठी केलेल्या १०,००० कोलोनोस्कोप्यांमागे साधारण ३ जणांच्या आतड्याला भोक पडतं आणि १५ जणांना मोठा रक्तस्राव होतो. कमी आहे पण शून्य नाही. आणि ती सगळं पकडते असंही नाही, लागोपाठ दोनदा तपासून केलेल्या अभ्यासांत पहिल्या वेळी चारातला एक अॅडिनोमा सुटलेला दिसला, मात्र सुटलेले बहुतेक छोटे असतात.

२०२२ मध्ये नॉर्डिक अभ्यासाच्या बातम्या आल्या तेव्हा "कोलोनोस्कोपीचा फारसा उपयोग नाही" अशा हेडलाइन फिरल्या. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या लोकांना बोलावणं पाठवलं होतं, १० वर्षांनी बोलावलेल्या गटात कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी निघाले. पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष केली फक्त ४२ टक्क्यांनी! न केलेल्यांनाही त्याच गटात मोजल्यावर आकडा कमीच दिसणार. मग स्पेनमधला अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यात एकदा कोलोनोस्कोपी आणि दर दोन वर्षांनी फिट अशी तुलना होती, १० वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू दोन्ही गटात जवळपास सारखेच, आणि फिटला लोक जास्त तयार झाले. म्हणून जो माणूस कोलोनोस्कोपीच्या नावाने वर्षानुवर्षं टाळतोय त्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याला फिटचं किट द्यावं. फक्त दरवर्षी न चुकता करायची तयारी पाहिजे.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. १० वर्षं ही मुदत फक्त त्यांच्यासाठी आहे ज्यांचं आतडं नीट साफ होतं, नळी सीकमपर्यंत पोचली होती, आणि काही सापडलं नाही. पॉलिप सापडला की मुदत बदलते. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संयुक्त गटाचे २०२० चे नियम असे: १० मिलिमीटरपेक्षा छोटे एक-दोन साधे अॅडिनोमा असतील तर ७ ते १० वर्षं, तसेच तीन-चार असतील तर ३ ते ५ वर्षं, पाच ते दहा असतील, किंवा एक जरी १० मिलिमीटर किंवा मोठा असेल, किंवा बायोप्सीत पेशी जास्त बिघडलेल्या दिसल्या तर ३ वर्षं. दहाहून जास्त असतील तर १ वर्ष. २० मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप तुकड्यातुकड्याने काढावा लागला तर ६ महिन्यांनीच ती जागा परत बघतात. एकदा पॉलिप निघाल्यावर मधे मधे फिट करून भागवता येत नाही, पुढची तपासणी कोलोनोस्कोपीच. म्हणून "काही नाही, एक छोटं होतं, काढून टाकलं" एवढं ऐकून घरी यायचं नाही, रिपोर्ट आणि बायोप्सीचा कागद दोन्ही मागून घ्यायचे आणि पुढची तारीख किती वर्षांनी ते लिहून घ्यायचं.

घरातल्यांचं गणित अजून वेगळं. आई, वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा मूल यांच्यापैकी एकाला ६० च्या आत हा कॅन्सर झाला असेल, किंवा दोघांना कुठल्याही वयात, तर ४० व्या वर्षी किंवा घरात ज्याला सगळ्यात लहान वयात झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, आणि मग दर ५ वर्षांनी. म्हणजे वडिलांना ४८ ला निदान झालं तर मुलाने ३८ ला जायचं, ४५ ची वाट बघायची नाही. एकालाच आणि ६० नंतर झाला असेल तर सुरुवात ४० ला पण टेस्ट आणि अंतर बाकीच्यांसारखंच.

लिंच सिंड्रोम नावाचा जनुकीय दोष ज्या घरात आहे तिथे बहुतेकदा २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी, कारण त्यात पॉलिपचा कॅन्सर व्हायला १० वर्षं लागतच नाहीत, खूप कमी वेळात होतो. एफएपी नावाच्या आजारात शेकडो पॉलिप येतात, तिथे १० ते १२ व्या वर्षापासून दरवर्षी. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सने मोठं आतडं सुजत असेल तर त्रास सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी पहिली, मग १ ते ३ वर्षांनी. या लोकांना फिटवर थांबायची सोय नाही.

यात एक गोष्ट हमखास राहून जाते. घरात कोणाला कॅन्सर नाही पण मोठा पॉलिप निघालाय, १० मिलिमीटर किंवा वरचा, तर तोही बाकीच्या घरच्यांच्या हिशोबात जवळपास कॅन्सरसारखाच धरतात. आणि पॉलिपबद्दल कोणी कोणाला सांगत नाही, काढला, विषय संपला. तेव्हा तुमचा निघाला असेल तर भावाबहिणींना आणि मुलांना तीन गोष्टी कळवा: तुमचं तेव्हाचं वय, पॉलिपचं माप, आणि बायोप्सीत काय लिहिलंय. त्यांचा डॉक्टर त्यांना पहिल्याच भेटीत हेच विचारणार आहे.